चौदा पुंगळ्या

ते आधी वास घ्यायचे.

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी दोन बोटांत धरायची, डोळे मिटायचे आणि तिचं तोंड नाकाशी न्यायचं, खरबूज निवडणाऱ्या बाईसारखं. मग आत करंगळीचा एक फेरा, बुडाच्या काठावरून नख, आणि शेवटी समोरच्या सागवानी फळीवर वीतभर उंचीवरून ती सोडून द्यायची. खणकन वाजली की म्हणायचे, "बोलते." नाही वाजली तर तितक्याच शांतपणे, "हिची नोकरी झाली, भाऊ," आणि लगेच पकडीनं तिचं तोंड चेपून टाकायचे. मालकाला पुन्हा मोह नको.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याच्या एका शब्दावर चार गावं चालतात. तुम्हाला त्याच्याबद्दल आदर वाटला असेल. मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

ते चंद्रपुरात, परकोटाच्या आतल्या एका बंदुकांच्या दुकानात मिस्त्री होते. पिढीजात कारागीर. डोक्यावर जाळीची टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. कोरपन्याकडच्या आमच्या गावात बाबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची जुनी बारा बोअरची बंदूक आहे. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा होते, संपली की परत येते. बाबांनी तिनं आयुष्यात एकही डुक्कर मारलेलं नाही. हरभरा घाट्यावर आला की रानडुकरं शेतात उतरतात, तेव्हा ते हवेत बार काढतात, एवढंच. पण हवेतला बारही बारच. वापरलेली पुंगळी पुन्हा भरायची तर ती धड हवी. बार उडताना ती फाटली की आग मागे येते, तोंडाकडे. दुकानात खिळ्याला एक फाटकी पुंगळी टांगलेली होती. कुणाची ते मिस्त्री सांगत नसत. "एका डोळ्यावर भागलं त्याचं," एवढंच म्हणत.

म्हणून दर वर्षी थंडी पडायच्या सुमारास बाबा चौदा पुंगळ्या कापडी पिशवीत घालून चांद्याला जायचे. चंद्रपूरला ते अजून चांदाच म्हणतात. लहानपणापासून मीही सोबत जायचो. घरी दिवसाला दहा वाक्यं बोलणारे बाबा त्या दुकानात मांडीवर थाप मारून हसायचे. परत आल्यावर महिनाभर घरात "मिस्त्री म्हणते" सुरू असायचं. मिस्त्री म्हणते यंदा थंडी जास्त. मिस्त्री म्हणते पोट्ट्याले सायन्सले टाक.

सायन्सला गेलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो, तोही केमिस्ट्री घेऊन, आणि चंद्रपूरच्याच एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागलो. बाबांनी रक्ताचं पाणी केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण निकालाचे पेढे त्यांनी सर्वांत आधी त्या दुकानात नेले, हेही मी विसरलो नाही. मिस्त्रींनी पेढा तोंडात टाकला आणि तेव्हापासून माझं नाव 'सायन्सवाले' ठेवलं.

"काय म्हणते सायन्स?" मी दिसलो की विचारायचे.

मला फार काही नको होतं. बाबांनी एकदा, फक्त एकदा, एक पुंगळी माझ्यापुढे धरून विचारावं, "हे चालते का रे?" एवढंच.

त्यासाठी मी एका वर्षी प्रयोगशाळेतलं भिंग आणि व्हर्निअर घरी नेलं. चौदाही पुंगळ्या मोजल्या, क्रमांक दिले, रेघा आखून तक्ता केला. बाबांनी तो कौतुकानं पाहिला, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवला. दुकानात तो मिस्त्रींपुढे धरून म्हणाले, "पोरानं केलं, पाहा."

मिस्त्रींनी चष्मा वर-खाली करून पूर्ण वाचला. "अक्षर लय साजरं आहे," म्हणाले. मग तक्ता बाजूला ठेवून पहिली पुंगळी नाकाशी नेली.

पुढच्या दिवाळीत मी ठरवलं की यांना आपण दिपवायचं. बाबांच्या पुंगळ्या कायम काळवंडलेल्या असत. मी कॉलेजातून अमोनियाची बाटली आणली आणि सकाळी अंगणात एका बरणीत चौदाही भिजत घातल्या. दुपारी पाहतो तर पाणी निळंशार. काय सुंदर निळं! दर वर्षी मुलांना हाच रंग परीक्षानळीत दाखवून मी विचारतो, "हा कशाचा?" आणि मुलं ओरडतात, "तांब्याचा!" माझ्या बरणीत पुंगळ्यांचं तांबं उतरत होतं आणि मी उभा राहून रंगाचं कौतुक करत होतो.

धुऊन पुसल्यावर त्या नव्या नवरीच्या दागिन्यांसारख्या झळकल्या. बाबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवल्या. आणि म्हणाले, "यंदा मिस्त्रीले कायले दाखवाच्या? पोरानंच पाह्यल्या."

त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मग सुट्टी संपली, मी कामावर परतलो.

डिसेंबरात बाबा बंदुकीची दारू आणि पुंगळीच्या बुडात बसवायच्या टोप्या घ्यायला चांद्याला आले, तेव्हा पुंगळ्या तरीही सोबत होत्या. तपासायला नव्हे, मिरवायला. मी रजा टाकून गेलो. मला मिस्त्रींचा चेहरा पाहायचा होता.

त्यांनी एक उचलली, डोळे मिटले, वास घेतला. पुन्हा घेतला.

"जळल्या दारूचा वासच नाई, भाऊ. हे न्हाऊन आली कुठून?"

बाबा हसले. मिस्त्री हसले नाहीत. पुंगळी फळीवर सोडली. ती बोलली नाही, ओल्या लाकडासारखी थप्प वाजली. दुसरीही तशीच. चौथी वाजवल्यावर त्यांनी तिचं तोंड उन्हाकडे केलं, बराच वेळ पाहिलं, आणि ती माझ्या हातात दिली.

"तुमी पाहा, सायन्सवाले. भिंग आहे नं तुमच्याजवळ?"

भिंग होतं. तोंडापासून खाली गेलेल्या केसाएवढ्या बारीक चिरा त्यात स्वच्छ दिसत होत्या. एक नाही, तीन. मला ते निळं पाणी आठवलं आणि पुस्तकातलं पान आठवलं: ताणाखालचं पितळ अमोनियानं तडकतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं. पूर्ण गुण मिळाले होते.

"काऊन झालं असं?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर जे होतं ते सगळं त्यांनी वाचलं. मग बाबांकडे वळून एकदम खेकसले, "पुंगळ्यांचा डबा गोठ्यात ठेवता नं? कितीदा सांगतलं, गोठ्याची हवा पितळेले खाते म्हणून! आयकतच नाई तुमी."

बाबांनी एकदा मिस्त्रींकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, "चुकलंच माझं."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. चौदा वेळा पकड चालली. प्रत्येक वेळी ते हळूच म्हणाले, "हिची नोकरी झाली." त्या हिवाळ्यात बाबांनी शेतात तेलाचा डबा बडवून डुकरं हाकलली आणि अर्धा हरभरा डुकरांनी उकरला.

त्या दिवशी बाबा बसस्टँडवर गेल्यावर मी एकटाच दुकानात परतलो होतो.

"कशात बुडवल्या?" मिस्त्रींनी मान वर न करता विचारलं.

"अमोनियात."

"गोठ्यात बी तेच राह्यते का?"

"हो. जनावरांच्या मुतातून निघतो."

"अमोनिया," त्यांनी शब्द जिभेवर फिरवून पाहिला. "तीस वर्षं लोकाइले सांगून राह्यलो, गोठ्यात ठेवू नका. नाव माईत नव्हतं मले." आणि खरोखर खूश झाले. वर म्हणाले, "तुमच्या वयात मी तर माया बापाच्या हातातली बंदुकीची अख्खी नळी बिघडवली होती. चहा घ्या."

पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगू लागले, "गोठ्यात अमोनिया असते. आमच्या सायन्सवाल्यानं सांगतलं." हे बाबांच्याही कानावर आलं आणि बाबांची छाती फुगली. पुढच्या वर्षी मिस्त्रींनी दुकानातून परवान्यावर सहा जुन्या, पण बोलणाऱ्या पुंगळ्या बाबांना निवडून दिल्या. मला तर अधिकच हेवा वाटला. मी त्यांच्यावर मात करायला निघालो होतो आणि त्यांनी जाता जाता मला मोठं करून टाकलं होतं.

यंदाच्या पावसाळ्यात ते गेले. दुकान आहे, पण त्यांच्या जागी कुणी बसत नाही. त्यांच्या घरच्यांनी ती सागवानी फळी बाबांना दिली. बाबांनी मागितली होती.

गेल्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. जेवणं झाल्यावर बाबांनी ओसरीवर फळी ठेवली, पिशवी उपडी केली आणि एक पुंगळी माझ्यापुढे धरली.

"हे चालते का रे?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो प्रश्न. मी पुंगळी घेतली नाही. म्हणालो, "बाबा, त्या चौदा मी घालवल्या होत्या. मी अमोनियात बुडवल्या. तुमच्या गोठ्यानं नाही."

"माईत आहे," बाबा म्हणाले. "डबा त्या वर्षी गोठ्यात होताच कुठी? आत कोनाड्यात होता, तुया पदवीच्या फोटोजवळ."

"मग तिथी 'चुकलं' काऊन म्हणलं?"

"मिस्त्री ओरडून राह्यला होता नं," बाबा म्हणाले. "तो उगाच नाई ओरडत."

म्हणजे त्या दिवशी त्या दुकानात, माझ्या डोक्यावरून, दोघांचं बोलणं झालं होतं. खऱ्या कारणाबद्दल एक शब्दही न बोलता. या वयातही मला थोडा हेवा वाटलाच.

मी पुंगळी घेतली. भिंग काढलं नाही. वास घेतला, करंगळी फिरवली, नख फिरवलं आणि फळीवर सोडली. खणकन वाजली.

"चालते," मी म्हणालो.

बाबा हात पुढे करून तसेच बसून राहिले. पिशवीचं तोंड उघडं होतं. ते माझ्याकडे नाही, फळीकडे पाहत होते.

"बोलते," मी म्हणालो.

मग त्यांनी ती पिशवीत टाकली.