पुन्हा चालू करू का?

सून घरून काम करते. एका दवाखान्याचा सर्व्हर लांबून सांभाळायचं काम तिच्याकडे आहे. सगळ्या रुग्णांची माहिती त्यात असते. आज सकाळपासून तो सुरूच होईना आणि तिकडे माणसं ताटकळलेली. मी शेजारी मेथी निवडत होते.

फोनवर दवाखान्यातला माणूस होता. "ताई, पुन्हा चालू करून बघू का?"

"हात लावू नका," सून म्हणाली. "सकाळपासून तेच करताय. चालू होतो आणि बंद पडतो. का पडतो ते सर्व्हरनंच लॉगमध्ये, त्याच्या नोंदींत, लिहिलंय. आधी वाचा की!"

त्यानं वाचलं. डिस्क गच्च भरली होती, सर्व्हरला काम सुरू करायलाच जागा नव्हती. जुन्या फायली हलवल्या, तसा तो मुकाट्यानं चालू झाला.

माझी थोरली बहीण सासरहून सारखी परत यायची. दारात उभी राहायची, बोलायची नाही. आई जेवू घालायची. दुसऱ्या दिवशी वडील तिला एसटीत बसवून द्यायचे. "जा, होईल सगळं नीट." का आलीस, हे कुणी विचारलं नाही. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, ते वाचायला शाळा लागत नव्हती.

मग ती यायची थांबली. पोरगी रुळली, असं वडील शेजारीपाजारी सांगत राहिले, ती गेल्याचा निरोप येईपर्यंत.

सून अजून फोनवर त्या माणसाला झापत होती. मी मध्ये पडले नाही.