सेत्तिमिओ रंगाऱ्याची पहिली कढई

सेत्तिमिओ रंगारी माझ्या समोरच्या दुकानात. मी न्हावी, त्यामुळे गावात कोणाच्या डोक्यात काय आहे ते मला कळायचं. सेत्तिमिओला मात्र कोणाच्या घरात काय झालंय ते कळायचं. कारण माणूस गेलं की घरच्या बायका दुसऱ्याच दिवशी कपड्यांचं गाठोडं घेऊन त्याच्याकडे यायच्या, सुतकात घालायला काळं करून घ्यायला. त्याचा नियम एकच होता. माजूफळ आणि हिराकस घालून ताजी कढई उकळली की तिच्यात आधी मयताघरचे कपडे. बाकी सगळं नंतर, उरलेल्या पाण्यात. बिशप आला तरी रांगेत.

एकोणीसशे बावीस सालच्या ऑक्टोबरात आमच्या ओरेस्तेला देश वाचवायची घाई झाली. ओरेस्ते म्हणजे नोटरीचा मुलगा. औषधांच्या परीक्षेत दोनदा नापास. पण एक औषध त्याला तोंडपाठ होतं, एरंडेल, आणि ते तो विरोधकांना बळजबरीनं पाजायचा. त्यानं चाळीस पोरं जमवली. राजधानीवर चालून जायचं ठरलं आणि त्यासाठी काळे शर्ट हवे होते.

"परवा सकाळी निघायचंय, सेत्तिमिओ. चाळीस शर्ट, एकदम काळेकुट्ट!"

"ताजी कढई आज पाल्मिरावहिनींची आहे," सेत्तिमिओ म्हणाला. "उद्या क्विंतोला पोचवायचंय."

क्विंतो चांभार म्हणजे पाल्मिराचा नवरा, शेतमजुरांच्या संघटनेचा चिटणीस. ओरेस्तेच्याच पोरांनी त्याला चार दिवसांपूर्वी काठ्यांनी बडवलं होतं, त्यातच तो गेला. मी मारलं नाही. मी नुसता गल्लीच्या तोंडाशी उभा होतो, कोणी येतंय का बघत.

"तो कोण मोठा लागून गेला रे? आधी शर्ट!"

"मयत आधी. शर्ट उरलेल्या पाण्यात होतील, पण रंग धरायला तीन दिवस सुकवावे लागतील."

"मला शिकवू नकोस. तुझं दुकान राहील की जाईल, तेवढं बघ."

सेत्तिमिओनं बघितलं, आणि पाल्मिराचे कपडे कढईत सोडले. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्यामागून चालली तेव्हा तिच्या अंगावरचं काळं असं होतं की पाहवत नव्हतं. शर्ट आम्ही ओलेच उचलले. त्यात एक माझाही होता.

वाटेत तीन दिवस पाऊस. रंग धुऊन शर्ट राखेसारखे झाले आणि आम्ही मानेपासून कमरेपर्यंत काळे झालो. ज्याच्यासाठी चिखल तुडवला तो आमचा पुढारी मात्र आगगाडीत झोपून आरामात पोचला, आणि राजानं देश त्याच्या हातात ठेवला. आम्ही जिंकून घरी आलो. बायकांनी आम्हाला आठवडाभर घासलं. गाव खिडक्या लावून हसत होतं.

हसणं ओरेस्तेला सोसेना. त्यानं सेत्तिमिओला फरफटत माझ्या दुकानात आणलं, माझ्याच खुर्चीत बसवलं आणि पेलाभर एरंडेल पाजलं. हनुवटीखाली टॉवेल मी धरला. त्याची लाज अजून जात नाही. सेत्तिमिओ तसाच घरी गेला आणि ती बरबटलेली विजार त्यानं धुऊन, काळी करून घातली.

पुढे निवडणुका बंद झाल्या आणि ओरेस्ते वरून नेमलेला नगरप्रमुख झाला. दर शनिवारी गावानं काळं घालून कवायत करायची असा हुकूम निघाला. शर्टांचं काम शहरातल्या दुकानाला गेलं. सेत्तिमिओकडे मयतांचं काम तेवढं उरलं, आणि ते त्या सरकारनं कधी कमी पडू दिलं नाही.

छत्तीस साली हबशांच्या देशात आमच्या फौजेचा विजय झाला. शहरातलं दुकान कामानं तुंबलं होतं, म्हणून मिरवणुकीचे साठ शर्ट सेत्तिमिओकडे आले. सोबत ओरेस्तेच्या सहीचा हुकूम: सगळं काम बाजूला ठेवून आधी शर्ट. शिपाई दारात बसवला होता. ताजी कढई उकळत होती.

दुपारी ओरेस्ते स्वतः आला, पायी, टोपी हातात. काखेत गाठोडं. त्याचा एकुलता एक मुलगा इवो त्याच विजयात गेल्याची तार सकाळी आली होती.

"सेत्तिमिओ, माझ्या बायकोचे आहेत रे. उद्या प्रार्थना आहे."

सेत्तिमिओनं भिंतीवरच्या हुकुमाकडे बोट केलं. "साहेब, तुमचीच सही आहे. आधी शर्ट."

ओरेस्तेनं गाठोडं पुढे केलं. मला वाटलं, आता ह्या रंगाऱ्यानं चौदा वर्षांचा हिशेब चुकवावा. खोटं कशाला बोलू, मनापासून वाटलं.

सेत्तिमिओनं हुकूम काढून चुलीत टाकला. "मयत आधी. तेव्हाही हेच म्हणालो होतो." आणि गाठोडं सोडलं.

"रंग जाणार नाही ना?" ओरेस्तेनं हळूच विचारलं.

"नाही जायचा," कपडे ढवळत सेत्तिमिओ म्हणाला. "पाल्मिरावहिनींना विचारा. त्या अजून तेच घालतात."