रोसिलीची शहाणी मुलगी

आमच्या त्रिशूरच्या इस्पितळात, मुलांच्या मानसिक वॉर्डात, रोसिलीइतकी हुशार नर्स नाही. हे मी तिच्या तोंडावर म्हणत नाही, आधीच ती डोक्यावर बसलेली आहे. नव्या मुलींना ती पहिल्याच दिवशी सांगते, "जे पोर रडतं, त्याची फार काळजी करू नका. जे दुखलं तरी कुणाकडे जात नाही, त्याच्यावर नजर ठेवा." मी वॉर्डातली आया, तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून मला चेची म्हणते.

तिची जिस्ना नऊ महिन्यांची असताना रोसिली नवऱ्यामागे कुवेतला गेली. पोर आजीकडे, रोसिलीच्या आईकडे राहिली. आमच्याकडे घरोघरी हेच. सहा वर्षांनी रोसिली एकटी परतली, तर मुलगी आजीच्या पाठीमागून बाहेर येईना. महिनाभर वाट पाहून तिनं आजीला पालक्काडला आपल्या भावाकडे धाडलं.

"अम्मा डोळ्याआड झाली की येईल माझ्याकडे."

"वॉर्डात एखाद्या आईनं असं केलं असतं, तर फाडून खाल्लं असतंस तिला," मी म्हटलं.

"ते वॉर्डात, चेची. हे माझं घर आहे."

जिस्ना रडली नाही. उलट शहाणी झाली. फ्रिज उघडायच्या आधी विचारायची, आपलं ताट आपण धुवायची. शेजारणी म्हणायच्या, "सोन्यासारखी पोर आहे!" रोसिली फुलून जायची आणि मला तिचा संताप यायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चार महिन्यांनी, एका रविवारी चर्चहून मी त्यांच्याकडे जेवायला गेले. भात आणि माशाचं कालवण होतं. जिस्ना डाव्या हातानं जेवत होती.

"डाव्या हातानं जेवतात का? चेची काय म्हणेल?" रोसिली खेकसली.

पोरीनं मुकाट्यानं हात बदलला. घास तोंडापर्यंत न्यायला तिला फार वेळ लागत होता. मी तिचं मनगट धरलं. टम्म सुजलं होतं.

"कधी पडलीस गं?"

"परवा. शाळेत."

"आईला का नाही सांगितलंस?"

"त्यांची ड्यूटी होती."

इस्पितळात कळलं, हाड मोडलंय. प्लास्टर घालताना जिस्ना छताकडे बघत पडली होती, हूं नाही की चूं नाही. रोसिली शेजारी फॉर्म भरत होती. 'सोबत कोण' यापुढे तिनं स्वतःचं नाव लिहिलं. जिस्नानं मान वळवून ते वाचलं.

"इथं अम्मच्चीचं नाव लिहिलं तर ती येईल?"

आजीला ती अम्मच्ची म्हणे. रोसिलीचं पेन थांबलं. आता रडेल असं मला वाटलं. पण फाइल वाचून दाखवताना लागतो तसा तिचा आवाज कोरडा लागला.

"चेची, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं कुणाला तरी मागितलं."

"तुला नाही मागितलं."

"नाही."

तिनं तिथूनच पालक्काडला फोन लावला. "अम्मे, कपडे घेऊन ये. राहायलाच ये. हो, जिस्ना मागतेय. मला नाही, तुला." मग फोन जिस्नाच्या कानाला लावला.

पलीकडून आजीचा आवाज आला आणि पोरीनं भोकाड पसरलं. "दुखतंय, अम्मच्ची! खूप दुखतंय!"

माझ्या डोळ्यांना धार लागली. रोसिलीचे डोळे कोरडेच होते. लेकीचं रडणं संपेपर्यंत तिनं फोन हलू दिला नाही.