करकोचे पाहायला गेलो ती दुपार

पौष शुद्ध षष्ठी. मुगाच्या वड्या बाजेवर वाळत घातल्या आहेत आणि मी काठी घेऊन राखणीला बसले आहे. चिमण्या टोचून जातात, त्यांचं एक वेळ चालतं. कावळा अख्खी वडी उचलतो. मघाशी डोक्यावरून करकोच्यांचा थवा ओरडत गेला. मी वर पाहिलं, तेवढ्यात एक वडी गेलीच.

मी दहा-अकरा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. आमचं गाव अनसिंगच्या वाटेवर. थंडी पडली की करकोचे यायचे, पण आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरी आणि एक ओढा. पक्षी वरून ओरडत जायचे आणि उतरायचे दुसरीकडे. मायचं माहेर केनवडच्या बाजूला. तिथं घरामागेच तळं होतं. लग्न होईपर्यंत तिनं करकोचे रोज काठावर बसलेले पाहिले होते. सासरी आल्यापासून तिला त्यांची नुसती पोटं दिसत. त्यांचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून अंगणात येई, मान वर करून पाही आणि परत आत जाई.

त्या वर्षी कापसाची वेचणी आटोपल्यावर बाबा म्हणाले, "यंदा रोडगे तलावावर करू." गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी, हे जेवण आमच्याकडे बाहेर जाऊनच करायचं असतं. दर वर्षी ते आमच्या शेतात होई. तलाव लांब होता.

"करकोचे असतीन तिथं?" मायनं विचारलं.

"असतीन ना. दुपारी पाण्याले उतरतात."

 जायच्या दिवशी मी उठले तर तिची कणीक मळून तयार होती.

बाबांचा जीव बैलांत. सगळं घर बाहेर निघालं म्हणजे लग्नाला निघाल्यासारखंच, म्हणून त्यांनी बैलांवर झुली टाकल्या, शिंगांना गोंडे लावले, गळ्यात घुंगरमाळा बांधल्या. आम्हां कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, विधवा होऊन आमच्याकडेच राहायची आणि घरात तिचा शब्द चालायचा. ती गाडीत पुढे बसली, माय आणि मी मागे. छमछम करत गावातून निघालो. लोक ओट्यावर येऊन पाहत होते.

गाडी तलावाच्या पाळीवर चढली. पलीकडचा काठ राखाडी दिसत होता, मला तो चिखल वाटला. मग तो चिखल उठला. सगळा थवा एकदम ओरडत वर गेला, एक फेरी मारून दिसेनासा झाला. गावातून निघताना तोंडावर ओढलेला पदर मायनं अजून बाजूला केला नव्हता.

"झालं," आत्या म्हणाली. "पाह्यले पाखरं. आता गोवऱ्या रच, वयनी."

"येतीन परत," बाबा म्हणाले. "पाणी सोडून जातात कुठं?"

"नवरदेव वाजतगाजत आल्यावर थे कायले थांबतीन?" माय म्हणाली. ती खाली उतरली, तिनं स्वतः बैलांच्या माळा सोडल्या आणि झुलीत गुंडाळून ठेवल्या. गाडी तिनं बाभळीमागं न्यायला लावली. तोवर आत्यानंच गोवऱ्या रचल्या आणि काडेपेटी मागितली. काडेपेटी मायच्या कमरेला खोचलेली होती.

"आता नाही, बाई. धूर दिसला तर थे उतरनार नाहीत."

"अन् आमी काय खाव?"

"गूळ-शेंगदाणे हायेत. बोरं हायेत."

"मानसं रोडग्याले आली हायेत, वयनी."

"मी नाही आली रोडग्याले."

मायनं आत्याला असं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आत्यानं बाबांकडे पाहिलं. बाबांना भूक लागली होती हे तोंडावर दिसत होतं, पण माळा त्यांनीच बांधल्या होत्या. त्यांनी चंची काढली, तंबाखू मळला आणि म्हणाले, "थांबू थोडं."

आम्ही बाभळीखाली घोंगडी अंगावर घेऊन बसलो. पाण्यावर बदकं होती, पाणकोंबड्या होत्या. आत्या बोरं खात होती आणि बिया मुद्दाम लांब थुंकत होती. "त्या बदकालेच करकोचा समज अन् चाल घरी," ती म्हणाली. माय हसली नाही. कणकेला साल धरली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. ऊन कललं, तसे बाबा म्हणाले, "या बाभळीची सावली समोरच्या झाडाले लागली का मी गाडी जुंपतो. बैलांले अंधारात वाट दिसत नाही."

माय फक्त "बरं" म्हणाली.

सावली झाडापलीकडे गेली. बाबा उठून बैल जुंपायला वळले आणि तिथंच थांबले, कारण आवाज आला. आधी नुसता आवाज, मग थवा. लांब पाय खाली सोडून, पंख ताठ धरून ते आमच्याच बाजूच्या काठावर उतरू लागले. मान वाकवून पाणी घ्यायचे, डोकं वर करून गिळायचे. काळी मान, डोळ्यांमागं पांढऱ्या पिसांची बट. मला वाटलं होतं माय काही तरी मोठं बोलेल.

"लहान दिसून राह्यले," ती हळूच म्हणाली. "मी पोट्टी होती तवा मोठे होते."

"थे तिकडचं पिल्लू हाये वं," आत्या कुजबुजली. "मायच्या मागं मागं करून राह्यलं. पाह्य."

बाबा कासरा हातात धरून तसेच उभे होते. अंधार पडेपर्यंत कोणी गाडीचं नाव काढलं नाही.

घरी पोहोचल्यावर सकाळची भाकर कांद्याशी खाल्ली. कणीक बैलांना घातली. झोपताना आत्या म्हणाली, "चांगली वांगी वाया गेली." माय म्हणाली, "उद्या करीन." पुन्हा तलावावर जाणं तिला कधी जमलं नाही. दर वर्षी काही ना काही निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुणं घेऊन ओढ्यावर गेले. आम्ही कसे निघालो होतो ते सगळ्या गावानं पाहिलेलं. तिथल्या बायांपैकी एकीनं विचारलं, "कसे झाले वं रोडगे?"

"झालेच नाहीत," मी म्हटलं. "मायनं आग लावू देली नाही. आमी करकोचे पाह्यले."

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या. मग तिनंच विचारलं, "कितीक जवळून?"

मी हातातलं लुगडं दगडावर ठेवलं आणि ओढ्यापलीकडचा गवताचा पुंजका दाखवला. "तेवढ्या जवळून." मग लुगडं धुवायला घेतलं.