शून्य चुकांचा रिपोर्ट

“सत्तावीस हजार?” मिश्राजींनी चष्मा पुसून स्क्रीन पुन्हा पाहिली. “वैशालीजी, इतनी गलतियाँ तो हमने पूरी जिंदगी में नहीं कीं!”

मिश्राजी आमच्या कंपनीचे मालक. बनारसमधलं नऊ जणांचं ऑफिस. पुण्याच्या एका ट्रॅव्हल कंपनीचं बुकिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यांनी यंदा अट घातली होती: कोड तपासणारं टूल बसवा, शुक्रवारी रिपोर्ट दाखवा, मग काँट्रॅक्ट पुढे चालू. ते गेलं तर ऑफिसला टाळं आणि मला नोकरीसाठी नोएडा. दुर्गाघाटावरचं घर आणि आईवडिलांना सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

हे टूल म्हणजे एक खडूस परीक्षक. प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचतो आणि कुठे घोळ होऊ शकतो, काय उगाच दोनदा लिहिलंय, ते सांगतो.

पहिला घोळ माझाच होता. मी अख्खं फोल्डर तपासायला दिलं. त्यात लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आणि आपण नुसता वापरतो तो तयार कोडही होता. शेजाऱ्यांचा कचरा आमच्या नावावर मोजला गेला. तो वगळला. उरल्या तीन हजार शंभर चुका, अस्सल घरच्या.

“कल तक जीरो कर देंगे,” आमचे सीनिअर उपाध्यायजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खरंच शून्य! मिश्राजींनी ऑफिसभर लौंगलता, म्हणजे लवंग टोचलेली खव्याची मिठाई वाटली. मला काही ते पटेना. कोड उघडला, तर चुकीच्या प्रत्येक ओळीपुढे एक खूण होती. ‘ही ओळ तपासू नकोस’ असं टूलला सांगणारी. टूलचंच चुकलं तर क्वचित वापरायची असते ती.

“उपाध्यायजी, ये क्या है?”

“मशीन से हाथ जोड़कर कहा, इधर मत देखो. मान गई.”

मला हसू आलं आणि संतापही. लौंगलता मात्र मी खाल्ली.

घरी जेवताना बाबांना सगळं सांगितलं. ते रामघाटावरच्या पाठशाळेत वेद शिकवतात. माझ्या बोलण्यातलं त्यांना काही कळलं नसावं, कारण त्यांनी स्वतःचंच गाऱ्हाणं सुरू केलं.

“मी पण परेशान आहे गं. नवीन विद्यार्थी आलाय. दोन अध्याय चुकीच्या स्वरात पाठ करून आलाय.”

“मग आता?”

“आता काय! आजपासूनची संथा चोख घ्यायची. जुनं आवृत्तीला येईल तसं सुधारायचं. सगळं एकदम उकरलं तर पोरगं पळून जाईल.”

माझा घास हातातच राहिला. टूलमध्ये हीच सोय होती! आजची रेघ मारायची. त्यापुढचा कोड चोख असेल तरच पास. जुन्या चुका दिसत राहतात, हात लागेल तशा सुधारायच्या.

सकाळी मी सगळ्या खुणा काढून टाकल्या. उपाध्यायजी रुसले. मिश्राजी म्हणाले, “डूबे तो आप जानिए.”

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर पुण्याच्या कुलकर्णी मॅडमना मी सगळं मराठीत सांगितलं, खुणांच्या भानगडीसकट. शेजारी बसलेल्या मिश्राजींना फक्त ‘तीन हजार’ कळलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

मॅडम हसल्या. “आमच्या स्वतःच्या कोडमध्ये नऊ हजार आहेत हो. आधीच्या कंपनीनं शून्य दाखवलं होतं. म्हणून तर काम त्यांच्याकडून काढून तुम्हाला दिलं.”

“क्या बोलीं?” मिश्राजी कुजबुजले.

“बोलीं, जीरो कभी मत दिखाइएगा.”

काँट्रॅक्ट टिकलं. मिश्राजींनी पुन्हा लौंगलता मागवली. सोमवारी नव्या नियमाखाली पहिला कोड तपासायला गेला आणि टूलनं तो नापास केला. कोड माझा होता. उपाध्यायजींनी त्यातल्या चारही चुका उभं राहून मोठ्यानं वाचल्या आणि उरलेली लौंगलता स्वतः संपवली.

ऑफिसात परीक्षक आणायचा असेल, तर आधी आपला पेपर नीट लिहावा. तो आणणाऱ्याला ओळखत नाही.