दोनशे अठरा फूट सांधे

आमच्या शेवगावच्या घरातली हॉलची फरशी मी उचकटू दिली नाही. घर बांधून तीनच वर्षं झाली होती आणि टाइल्समधले सांधे भुसभुशीत झाले होते. रोज केरात पांढरी पूड निघे. खिळ्याच्या टोकाने उकरलं तर सांधा रव्यासारखा सुटायचा.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन ठिकाणी टाच आपटली आणि निकाल दिला, "भाऊ, समदी उचकटा. खालचा माल गेलाय. आन् वहिनी लई पानी ओतून पुसत्यात, त्येनं बी झालंय."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मग इथली का नाही गेली? इथं तर मी दिवसातून तीनदा पुसते."

दोन्हीकडे टाइल्स त्याच, हातही याच मिस्त्रीचा. मी म्हटलं, मोजल्याशिवाय एक टाइल निघणार नाही.

हॉल बारा बाय दहा, टाइल एक फुटाची, म्हणजे एकशे वीस टाइल्स. प्रत्येक टाइल रुपयाच्या नाण्याने वाजवून पाहिली. एकशे सतरा भरीव वाजल्या, तीन पोकळ. म्हणजे खालचा माल शाबूत होता. दिवाण सरकवून पाहिला. तिथे ना पाय पडतो, ना फडकं, तरी सांधे तसेच सुटलेले. म्हणजे पुसण्याचाही दोष नव्हता.

मग आठवलं. स्वयंपाकघराचे सांधे वास्तुशांतीच्या चार दिवस आधी भरले होते, हॉलचे आदल्या संध्याकाळी. उरकायचं म्हणून मिस्त्रीने माल ताकासारखा पातळ कालवला. लवकर वाळावा म्हणून मी त्यावर रात्रभर टेबलफॅन लावला, त्यामुळे सिमेंट धरायच्या आतच सुकलं. आणि सकाळी मुहूर्ताआधी आम्ही सगळ्यांनी मिळून बादल्या ओतून हॉल धुतला. दोन दिवस पाय लावू नका, असं त्याने तेव्हा बजावलं होतं. मुहूर्त थांबत नाही, असं उत्तर मीच दिलं होतं. चुकीत माझा वाटा निम्म्याहून जास्त होता. पण म्हणून एकशे सतरा धडधाकट टाइल्सवर हातोडा? अजिबात नाही.

सांध्यांची लांबी दोनशे अठरा फूट भरली. करवतीच्या पात्याने रोज सकाळी सत्तावीस फूट खरवडले, आठव्या दिवशी एकोणतीस. टाइल आठ मिलिमीटर जाड, म्हणून खोली निदान पाच ठेवली. पूड ब्रशने काढली. गुरुवारी संध्याकाळी फटी नुसत्या ओलसर केल्या, पिशवीवर लिहिलं होतं तेवढंच पाणी मापून घेतलं आणि माल श्रीखंडासारखा घट्ट कालवून दाबून भरला. पिळलेल्या फडक्याने वरचा माल पुसला. पंखा बंद, खिडक्या बंद, तीन दिवस हॉल बंद.

अडचण अशी की शनिवारी सत्यनारायण होता. मिरजगावहून माझी थोरली बहीण आली आणि हॉलच्या दारात आडवा टाकलेला बाक बघून थबकली.

"आरं, हे काय? हॉलात जायचं न्हाई व्हय?"

"रविवारी संध्याकाळी जायचं."

"आन् पूजा?"

"स्वयंपाकघरात."

"गॅसच्या शेगडीशेजारी सत्यनारायन! लोक काय म्हनतील? जरा जपून टेकवू की पाट. पाटाला काय वजन असतं?"

"पाटाला नसतं, ताई. चाळीस माणसांना असतं."

"तू लहानपनापासून असाच हायेस. हेकट."

"व्हय," मी म्हणालो, आणि बाकावर बसून राहिलो.

गुरुजींनी विनातक्रार स्वयंपाकघरात चौरंग मांडला. माणसं ओट्याला टेकून, अंगणात, जिन्यावर बसली. ताई माझ्याशी बोलली नाही, प्रसाद मात्र तिने दोनदा घेतला. तेवढ्यात कुणा पाहुण्याने बाक ओलांडायला पाय उचलला तर ताईच ओरडली, "आवो, मागं व्हा! तिथं जायचं न्हाई!"

सोमवारी मिस्त्री पहार घेऊनच आला. थापीच्या टोकाने त्याने चार ठिकाणी सांधा उकरून पाहिला. पूड निघाली नाही.

"बरं भरलंय," तो म्हणाला. "पन पोकळ टाइलीपाशी फुटंल. वर्षभर बघा."

"फुटलं तर त्या तीन काढू. दर महिन्याला या, तपासा. चहा हॉलमध्येच देईन."

त्याने पहार दाराबाहेर टेकवली आणि बसला.