उतरायच्या आधी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली, कारण तिच्यात नको तिथं चेष्टा करणारा माणूस मीच आहे.

निवृत्तीनंतर चिकलठाण्याच्या आमच्या वसाहतीत दर रविवारी मी मुलांना युरोपातल्या एका दर्यावर्दीची गोष्ट वाचून दाखवायचो. पुस्तक मोठं, रंगीत. शिडाचं जहाज आलं की मुलं चित्रावर ओणवी व्हायची. त्या हिवाळ्यात शेजारच्या रानात मेंढरांचा कळप घेऊन धनगर उतरले होते. त्यांच्यातली एक म्हातारी कुंपणापाशी यायची आणि काठीवर हनुवटी टेकवून ऐकत राहायची. मी पान उलटलं की तीही मान पुढं काढायची. पुस्तक मिटलं की म्हणायची, "गुरुजी, घावली का जमीन त्याला?"

"पुढच्या रविवारी, मावशी."

अखेर जहाज किनाऱ्याला लागलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारीनं विचारलं, "उतरायच्या आधी तिथल्या मान्सांला इचारलं का त्यानं? आमी मेंढरं बसवायची तर आधी रानाच्या मालकाला इचारतो."

पुस्तकात तसं काही नव्हतं. मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "मावशी, तो काय मेंढरं चारायला आला होता?"

मुलं खो खो हसली. तीही हसली, पदर सारखा केला आणि गेली. गोष्ट अजून बरीच उरली होती, पण ती पुन्हा कुंपणाशी आली नाही. काही दिवसांनी कळपही हलला.

अजूनही हिवाळ्यात जालना रोडला मेंढरं दिसली की मी थांबतो, चेहरे बघतो. म्हणायचं एवढंच आहे, "चुकलं माझं, मावशी. त्यानं विचारलं नव्हतं."